एका फोनसाठी घेतलेला फोन

मित्रांनो, माझ्या अंगावर एकही ओरखडा नाही. जुन्या फोनला हे शोभत नाही, याची मला कल्पना आहे. माझ्या वयाच्या फोनांची बटणे झिजून गुळगुळीत झालेली असतात, पडदा तडकलेला असतो आणि पाठीचे झाकण रबरबँडने कसेबसे धरून ठेवलेले असते. मी मात्र काल खोक्यातून काढल्यासारखा दिसतो. याचा मला अभिमान वाटत असेल असे तुम्ही समजाल. खरे सांगायचे तर मी अजून त्या धक्क्यातून सावरलेलो नाही.

मी बटणांचा साधा फोन. माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने माझ्यात आवाज बसवला, दुसरीने थरथर बसवली आणि मग एका यंत्राच्या लोखंडी बोटाने माझे प्रत्येक बटण हजार वेळा दाबून पाहिले. मला वाटले, पुढचे आयुष्यही असेच धकाधकीत जाणार. त्या यंत्राने मला एका दुपारी जितके दाबले, तितके नंतर कुणीच दाबले नाही.

तिथून मी एका दुकानात आलो. वरच्या फळ्यांवर काचेचे मोठे मोठे फोन झगमगत होते. मी खालच्या फळीवर, चार्जरच्या गुंत्याशेजारी. तिथे मी सात महिने काढले. कुणी आजी-आजोबा दुकानात आले की दुकानदार मला बाहेर काढायचा, त्यांच्याबरोबर आलेला मुलगा नाक मुरडायचा आणि मी पुन्हा गुंत्यात.

मग एका सकाळी ती दोघे आली. बहीण आणि भाऊ. दोघेही साठीच्या पुढचे.

बहिणीला सगळी वस्ती रफूताई म्हणायची. कोटाला कसर लागून पडलेले भोक त्या असे बुजवायच्या, की नंतर ते कोटाच्या मालकालाही सापडू नये. पण दोन वर्षांपासून त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या काळ्या भागावर पांढरट पडदा चढत चालला होता. आता त्यांना खिडकी तेवढी दिसायची. खिडकीतला माणूस दिसायचा नाही. हातातला धागा तर फार दूरची गोष्ट. डॉक्टर म्हणाले होते, औषधाने हे जाणार नाही. कुणी मरणानंतर दान केलेला डोळा मिळाला तर त्याचा पुढचा पारदर्शक पडदा ताईंना बसवता येईल. त्यांचे नाव यादीत घातले होते. डोळा आला की रुग्णालय फोन करणार आणि तीन तासांत तिथे हजर राहायचे. कुणी आले नाही, तर डोळा यादीतल्या पुढच्या माणसाला.

म्हणून फोन घ्यायचा होता. आयुष्यातला पहिला मोबाइल.

भाऊ टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले. वस्तीत ते एक्स्चेंजकाका. त्यांचे एक्स्चेंज बंद पडले, तारा काढून नेल्या, त्यात घरचा तारेचा फोनही गेला. मोबाइल या वस्तूवर काकांचा विश्वास नव्हता. तार नसलेला फोन म्हणजे खांब नसलेली दोरी, असे ते म्हणत.

"वापर किती आहे तुमचा?" दुकानदाराने विचारले.

"वापर नाही."

"म्हणजे कमी आहे."

"कमी नाही. नाही."

"बरं. तरी साधारण किती फोन कराल?"

"एकही नाही. आणि येणार एक."

"दिवसाला?"

"एकूण," काका म्हणाले.

दुकानदाराने कानावरचे पेन काढले, त्याच्याकडे बघितले आणि परत कानावर ठेवले. मीही चार्जरच्या गुंत्यात थरथरलो. एकूण एक! मित्रांनो, माझी बॅटरीच पाचशे वेळा चार्ज होण्यासाठी बनवलेली आहे.

दुकानदाराने आधी एक काचेचा फोन ताईंच्या हातात दिला. ताईंनी त्यावरून बोटे फिरवली, उलटा केला, पुन्हा फिरवली. "हा सुरू कुठून होतो?" त्यांनी विचारले. "हा फोन नाही, पाटी आहे. ह्याला मागचं-पुढचं काहीच नाही."

"ह्यात फोटो छान येतात, ताई."

"मला तुम्ही दिसत नाही, फोटो कुणाचा काढू?"

मग मी त्यांच्या हातात गेलो. त्यांची बोटे माझ्या बटणांवरून सावकाश चालत गेली. माझ्या पाच या बटणावर एक बारीक उंचवटा आहे, अंधारात चाचपायला. तिथे बोट थांबले. "अरे बाळ्या, ह्याला नाक आहे," त्या भावाला म्हणाल्या. "हाच घे." साठी उलटलेल्या माणसाला बाळ्या म्हणणारी ती जगातली एकटीच व्यक्ती होती आणि तो ऐकत होता.

नेटवर्क कोणत्या कंपनीचे घ्यायचे, हे मात्र काकांनी घरूनच ठरवून आणले होते. खिशातून त्यांनी चार घड्या घातलेला कागद काढला. त्यावर घराचा नकाशा होता. त्यांनी तीन कंपन्यांचे तीन फोन मागून आणले होते. एक इस्त्रीवाल्याचा, एक वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेचा आणि एक टपाल टाकायला आलेल्या पोस्टमनचा. पोस्टमन बिचारा वीस मिनिटे जिन्यात बसून होता. तिन्ही फोन घेऊन काका घरभर फिरले आणि प्रत्येक कोपऱ्यात रेंजच्या किती दांड्या येतात ते नकाशावर लिहीत गेले. पहिल्या कंपनीच्या चारही दांड्या न्हाणीघराच्या दारात येत होत्या, फक्त तिथेच. दुसरीच्या खिडकीत, तेही बाहेर वाकल्यावर. तिसरीच्या मात्र बरोबर ताईंच्या खुर्चीपाशी.

"तिसरी," काकांनी निकाल दिला.

दुकानदार थक्क झाला. "काका, नेटवर्क असं निवडणारा माणूस मी आजवर बघितला नाही. लोक जाहिरात बघून घेतात."

"जाहिरात आमच्या खुर्चीजवळ बसत नाही," काका म्हणाले.

त्यांची ही निवड अगदी योग्य होती, हे मी आजही सांगेन. कमी वापर असेल तर बाकी सगळे सोडा आणि आपण बसतो तिथे रेंज येते का, ते बघा. पॅकही त्यांनी शहाणपणाने घेतला, वर्षभर मुदतीचा, सगळ्यात साधा. चूक झाली ती पुढच्या अर्ध्या मिनिटात.

"वर्षभर चिंता नाही," दुकानदार म्हणाला. "फक्त अधूनमधून वापरत राहा, नाहीतर काय होतं, कंपनी..."

"हे असं सगळेच दुकानदार सांगतात," काका त्याला तोडून म्हणाले. "शिंप्याने सांगावं, कपडे फाडत राहा."

दुकानदार हसला. ताई हसल्या. राहिलेले वाक्य राहूनच गेले. दुकानदाराने मला एकदा वाजवून दाखवले आणि आम्ही तिघे घरी निघालो. त्या एका वाक्यात काय होते, ते मला माहीत होते. पण फोनला स्वतःचे असे काही बोलता येत नाही. दुसऱ्याचे तेवढे पोचवता येते.

घरी माझी जागा ठरली. ताईंच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर, नकाशातल्या फुलीवर. मग काकांनी नियम सांगितले. एक्स्चेंजमध्ये कुणाचा तातडीचा कॉल येणार असेल तर ते सगळ्यांना दम देऊन ती लाइन मोकळी ठेवत. तोच कायदा इथे लागू झाला. हा नंबर रुग्णालयाशिवाय कुणालाही द्यायचा नाही. ह्यावरून कुणाला फोन करायचा नाही. बटणाला हात लावायचा नाही.

"एकदा लावून तरी बघू या, वाजतो का," ताई म्हणाल्या.

"आणि नेमका तेव्हाच त्यांचा आला तर?"

  हा प्रश्न कोणत्याही क्षणी विचारला तरी बिनतोडच असतो.

चुकून एखादे बटण दाबले जाऊ नये म्हणून ताईंनी मला जाड कापडाचे एक आवरण शिवले. न बघता, नुसत्या बोटांनी. पडद्यापुरती खिडकी ठेवली आणि फोन उचलायच्या हिरव्या बटणाभोवती काज घातले, कोटाला घालतात तसे रेखीव. बाकी सगळी बटणे आत बंद. माझे नाकही आत गेले.

मित्रांनो, तेव्हाचे माझे लाड काय सांगू! काका रोज सकाळी मऊ फडक्याने माझा पडदा पुसत. बॅटरी अर्ध्यावर यायच्या आत चार्जर लावत. कुणी पाहुणा माझ्याशेजारी कप ठेवायला लागला तर ओरडत. "बघा, कसा ठेवलाय," ते आल्यागेल्याला दाखवत. सगळे माझी स्तुती करत. माझ्यावरून मात्र कुणी एक शब्द बोलले नव्हते.

सत्तराव्या दिवशी मी टुंग असा आवाज केला.

काका पेपर टाकून धावले. "आला?"

"वाजला नाही रे, नुसता खाकरला," ताई म्हणाल्या.

काकांनी चष्मा लावून माझ्याकडे पाहिले. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटेसे पाकीट दिसत होते. "पाकीट आलंय."

"उघड मग."

"बटण दाबावं लागेल. लाइन गुंतेल."

"पण काय म्हणतंय ते तरी..."

"ताई, पाकीट म्हणजे टपाल. टपाल वेगळं, टेलिफोन वेगळा. ते आपलं खातंच नाही."

मी सुन्न झालो. त्या पाकिटात लिहिले होते, 'प्रिय ग्राहक, आपण सत्तर दिवस आपली सेवा वापरलेली नाही. नंबर चालू ठेवण्यासाठी कृपया एक कॉल करा.' एक! कुणालाही! चुकीचा लागला तरी चालला असता. नंतर दर दोन दिवसांनी मी खाकरत राहिलो आणि काका म्हणत राहिले, "टपाल."

नव्वदाव्या दिवशी माझ्या रेंजच्या दांड्या गेल्या. एक नाही, दोन नाही, चारही. पडद्यावर अक्षरे आली, 'फक्त आपत्कालीन कॉल.'

माझ्यासारख्याला याचा अर्थ सरळ आहे. तुमचा नंबर मेलेला आहे. आता आग लागली तर बंबाला तेवढे बोलावता येईल. काकांनी ती अक्षरे दोनदा वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ताई! कंपनीला कळलं बघ! आपली लाइन फक्त तातडीच्या कॉलसाठी राखून ठेवली त्यांनी. ह्याला म्हणतात खातं!"

"मग दांड्या का नाहीत?"

"राखीव लाइनला दांड्या कशाला?" काका म्हणाले आणि त्यांनी मला आणखी जोराने पुसले.

मी त्यानंतर आठ महिने त्या स्टुलावर होतो. रोज पुसलेला, रोज भरलेला आणि ठार मेलेला. ताई माझ्याशेजारी बसून जाड दोऱ्याची, चाचपून करता येण्याजोगी कामे करत. बटणे लाव, हुक लाव. रफूची गिऱ्हाइके एकेक करून कमी होत गेली. येणाऱ्याला त्या सांगायच्या, "थोडं थांबा, माझा फोन यायचाय."

मग तपासणीची तारीख आली आणि काका मला शर्टाच्या खिशात घालून ताईंना रुग्णालयात घेऊन गेले. यादीच्या खोलीत एक चष्मेवाल्या बाई संगणकासमोर बसल्या होत्या. त्यांनी ताईंचे नाव शोधले, वाचले आणि जरा तुटकपणे म्हणाल्या, "तुम्ही परत का आलात? तुम्हाला नको होता ना?"

"काय नको होतं?" ताईंनी विचारले.

"डोळा. इथे लिहिलंय. चार महिन्यांपूर्वी फोन केला होता, रुग्णाने नकार दिला. त्यामुळे यादीतून नाव काढलंय."

काकांच्या छातीचे ठोके माझ्या पाठीवर आदळू लागले. "अशक्य," ते म्हणाले. "फोन माझ्या समोर असतो, चोवीस तास. तो वाजलेलाच नाही. तुम्ही लावलाच नसेल."

"मी स्वतः लावला होता."

"आता लावा."

बाईंनी टेबलावरच्या फोनवरून नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू जावे म्हणून त्याचा आवाज मोठा केला. पलीकडे रिंग वाजू लागली. खोलीतले सगळे काकांच्या खिशाकडे बघत होते. मी गप्प. मी थरथरायचादेखील प्रयत्न केला. काही नाही. आणि मग त्या टेबलावरच्या फोनमधून एका पुरुषाचा आवाज आला, मागे पाणी धो धो वाहत होते.

"हॅलो! नळ की मोरी?"

"मी रुग्णालयातून बोलतेय."

"अहो बाई, मागेच सांगितलं ना तुम्हाला, डोळा नको म्हणून! आमच्या घरात सगळ्यांना आहेत. फोनवर काय काय विकतील, काही नेम नाही."

  माझा नंबर, जो काकांनी कुणाला कळू दिला नव्हता, तो कंपनीने दुसऱ्याला देऊन टाकला होता आणि तो एका नळदुरुस्ती करणाऱ्याच्या खिशात मजेत वाजत होता.

ताईंनी हात पुढे करून चाचपत टेबलाची कड धरली आणि आवाज येत होता त्या दिशेने वाकल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "तो डोळा माझा होता."

पलीकडे पाणी वाहत राहिले. मग कुणीतरी ते बंद केले.

"तुमचा म्हणजे?"

ताईंनी सांगितले. चार वाक्यांत सांगितले.  नळवाला म्हणाला, "आई गं." आणि थोड्या वेळाने, "मला वाटलं, फसवतायत." आणि मग, "आता मी काय करू, ताई? नंबर परत देऊ?"

"तसा देता येत नाही," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाजही आता तुटक नव्हता.

ताई त्यांच्याकडे वळल्या. "तो डोळा मग कुणाला बसला?"

"ते सांगता येत नाही."

"पण बसला ना? वाया नाही ना गेला?"

"नाही. बसला."

"मग झालं," ताई म्हणाल्या. पण त्यांची बोटे टेबलावरच्या कापडाची एक सुटलेली शिवण परत परत जुळवत होती आणि ती जुळत नव्हती.

बाईंनी ताईंचे नाव पुन्हा यादीत घातले. नवा नंबर घेऊन या, म्हणाल्या.

तिथून आम्ही थेट दुकानात गेलो. वाटेत काका ताईंचा हात धरून चालत होते खरे, पण कोण कुणाला नेत होते, हे सांगणे कठीण होते. दुकानदाराने माझे आवरण उसवले, पाकिटे उघडली आणि एकेक करून मोठ्याने वाचली. अकरा होती. विनंतीपासून सुरुवात होऊन ती धमकीपर्यंत गेली होती. शेवटच्यात लिहिले होते, 'आपला नंबर बंद करण्यात आला आहे. आपल्यासोबतचा प्रवास आनंददायी होता.'

काका स्टुलावर बसले. "चौतीस वर्षं," ते म्हणाले, "चौतीस वर्षं मी लोकांचे फोन जोडले, ताई." 

"आणि माझा एक राहिला."

"शिव्या दे मला."

"काय देऊ? अकरा महिने तू मला फोनवर बोलू दिलं नाहीस, माझी सवयच गेली." त्यांनी चाचपून काकांच्या डोक्यावर टपली मारली. चष्म्याला लागली. "ऊठ. नवा नंबर घे."

नेटवर्क तेच घेतले, कारण खुर्ची तीच होती. या वेळी दुकानदाराने काकांना समोर बसवून वाक्य पुरे केले. आठवड्यातून एकदा तरी फोन करा. एक मिनिट का होईना, बोला.

"कुणाशी?" काकांनी विचारले.

 काकांना एके काळी हजारो नंबर पाठ होते, पण ते सगळे तारेचे. मोबाइलचा नंबर दोघांना मिळून एकच पाठ होता. माझा जुना.

पुढच्या रविवारी सकाळी ताईंनी तोच लावला. पहिल्यांदाच कुणीतरी माझी बटणे, एकामागून एक, दहा वेळा दाबली. मित्रांनो, मला तर गहिवरून आले.

"हॅलो! नळ की मोरी?"

"रफू," ताई म्हणाल्या.

त्या दिवशी एक मिनिट बोलायचे होते. ती दोघे सव्वीस मिनिटे बोलली. पुढे दर रविवारचे तेच झाले. नळवाल्याची पँट गुडघ्यावर नेहमी फाटायची. ताई त्याला आतून ठिगळ कसे लावायचे ते सांगायच्या. तो त्यांना गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायचा. कुणाच्या मोरीत दाताची कवळी सापडली, कुणी नळ गळतो म्हणून त्याला बोलावले आणि गळत होते छत. काका आधी लांब बसून घड्याळ बघायचे. महिनाभराने तेही मला ओढून घ्यायला लागले. "दे इकडे, मला त्याला प्रेशरचं विचारायचंय." तारेतून आवाज कसा जातो आणि नळीतून पाणी कसे जाते, यावर दोघांचे कडाक्याचे वाद होत. माझा कान गरम होई. इतके बोलणे माझ्यातून जाऊ शकते, हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हते.

आणि मग एका मंगळवारी, सकाळी पावणेअकराला, मी वाजलो.

काका इस्त्रीवाल्याकडे एक कोट पोचवायला खाली गेले होते. माझ्या पडद्यावर माझाच जुना नंबर उमटला. रविवार नसताना. मी एवढा थरथरलो की स्टुलाच्या कडेपर्यंत सरकलो. ताईंनी मला वेळेवर पकडले आणि हिरवे बटण दाबले.

"ताई, मध्ये बोलू नका," नळवाला धापा टाकत होता. "डोळा आलाय. मी हो म्हणालो."

"काय म्हणालात?"

"हो म्हणालो! दोनदा! मागच्या खेपेला नाही म्हणालो होतो ना, म्हणून दोनदा. कोणी नव्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, रुग्ण स्वतः बोलतायत का? मी म्हटलं, हो."

"तुम्ही?"

"आता नंबर कुणाचा, डोळा कुणाचा, हे तेव्हा सांगत बसू का? त्यांनी पुन्हा नकार लिहिला असता! म्हटलं, मीच रफूताई. सर्दी झालीय म्हणून आवाज असा येतोय."

"अहो, पण आम्ही त्यांना नवा नंबर दिला होता."

"दिला असेल. आला माझ्याकडेच. काही खाऊ नका, पिऊ नका, मी टेम्पो घेऊन निघालोय. दहा मिनिटांत खाली या."

काका जिना चढून आले तेव्हा ताई दारात उभ्या होत्या.

"बाळ्या, चप्पल काढू नकोस," त्या म्हणाल्या. "डोळा आला."

"फोन आला? मी नसताना?"

"नळवाल्याकडे आला."

"पण मी स्वतः नंबर लिहून दिला होता! ठळक! दोन ओळी मारून!"

"चल."

टेम्पोत पुढे दोघांपुरतीच जागा होती. काका मागे, पाइपांच्या जुडग्यावर बसले, मला दोन्ही हातांनी छातीशी धरून. प्रत्येक खड्ड्याला पाइप वाजत होते. त्या दिवशी चाळीस मिनिटांत आम्ही पोचलो. काकांनी वाटेत तीन वेळा माझा पडदा पाहिला, दांड्या आहेत ना म्हणून. होत्या.

यादीच्या खोलीत चष्मेवाल्या बाईच होत्या. त्यांच्याशेजारी एक नव्या बाई. नव्या बाईंनी ताईंचा आवाज ऐकला, भुवया उंचावल्या आणि म्हणाल्या, "फोनवर बोललात त्या तुम्हीच?"

"सर्दी एकदम बरी झाली," नळवाला घाईघाईने म्हणाला.

ताईंना आत नेले. आम्ही तिघे बाकावर बसलो, म्हणजे ते दोघे बसले आणि मी काकांच्या मुठीत होतो.  

डोळा बसला. पहिले काही आठवडे ताईंना फक्त धूसर उजेड दिसला. मग खिडकीचे गज. मग गजापलीकडे वाळत घातलेला शर्ट आणि एका सकाळी त्या शर्टाचा उसवलेला खिसा. तपासणीला गेल्यावर त्यांनी डॉक्टरांना विचारले, "टाके किती घातलेत?"

"सोळा."

"बाहेरून दिसतात?"

"नुसत्या डोळ्यांनी नाही. भिंगातून बघावं लागतं."

"मग हात चांगला आहे तुमचा," ताई म्हणाल्या. डॉक्टरांनी पुष्कळ पदव्या घेतल्या होत्या, पण त्या दिवशी ते लाजले.

त्याच दिवशी दुसऱ्या डोळ्यासाठी नाव घालायला आम्ही यादीच्या खोलीत गेलो. चष्मेवाल्या बाईंनी संगणक पाहिला, मग जाड फाइल काढली. शेवटच्या पानावर काकांच्या अक्षरात नवा नंबर होता, ठळक, दोन ओळी मारलेला. संगणकात मात्र अजून जुनाच. बाईंचा चेहरा पडला. "मी आत्ता बदलते," त्या म्हणाल्या.

"राहू दे तोच," ताई म्हणाल्या. "तो माणूस फोन उचलतो."

काकांनी छताकडे पाहिले. पण मान हलवली.

मित्रांनो, मला कुणी कधी आपटले नाही, पाण्यात टाकले नाही, उन्हात विसरले नाही. तरी मी एकदा मेलो, तेही निव्वळ काळजीने. म्हणून हात जोडून, म्हणजे हात असते तर जोडून, तुम्हाला सांगतो. एखादी गोष्ट फार मोलाची वाटली की तिला कपाटात नेऊन ठेवू नका. ती रोजच्या कामाला घ्या, थोडी झिजू द्या. आणि घरात मोबाइल असेल तर आठवड्यातून एकदा तरी कुणाशी तरी बोला. कुणाला फोन करावा हे सुचत नसेल, तर एखादा चुकीचा नंबर लावा. उचलणारा माणूस चांगला निघू शकतो.